हार्लन ऑटमर्सची दुसरी गोळी

हार्लन ऑटमर्सइतका नियमांचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या नियमांनी माझं डोकं जितकं उठवलं तितकं माझ्या दोन बायकांनी मिळूनही उठवलं नसेल. एकतीस वर्षं तो घरोघर गॅस पोचवणारा टँकर चालवत होता. लानो गावापासून मेसन गावापर्यंत असं एक घर नव्हतं, जिथल्या कुत्र्याला हार्लन नावानं ओळखत नव्हता. एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. गाडी मागे घ्यायची तर आधी खाली उतरायचा, चालत मागं जाऊन बघायचा, मग परत येऊन बसायचा. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या अंगणात स्वतःची पिकअपही तशीच मागे घ्यायचा. त्याची बायको लोरीन म्हणायची, "मी मेले तरी हा आधी तीनदा खात्री करून घेईल." ती गेली त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर तो आणखीच काटेकोर झाला.

दर नोव्हेंबरात आम्ही चौघं लुडेकेबाईंच्या रान्चवर हरणाच्या शिकारीला जातो. चौघं म्हणजे हार्लन. मी, म्हणजे डॉइल, टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात ज्याचा जन्म गेला. बर्नी पेत्रिक, गावातला खाटीक, ज्याच्या सॉसेजसाठी लोक साठ मैलांवरून येतात. आणि रामिरो कान्तू, हायस्कुलात सुतारकाम शिकवणारा, आमच्यातला तरुण, म्हणजे बावन्न वर्षांचा. रानात पत्र्याचं एक खोपट आहे, त्याला आम्ही कॅम्प म्हणतो. चार खाटा, एक चूल, एक टेबल, आणि दाराशेजारी हार्लनचा बोर्ड.

हा बोर्ड म्हणजे हार्लनचा बायबलच्या खालोखालचा ग्रंथ. प्लायवूडच्या तुकड्यावर त्यानं स्वतः रंगवलेला रानाचा नकाशा, त्यावर चार मचाणं आणि प्रत्येक मचाणावर एक खिळा. टाकी, शाळा, फाटक आणि विधवा अशी मचाणांची नावं. गुरांच्या कानात मारतात तसा पिवळा बिल्ला प्रत्येकाच्या नावाचा. पहाटे निघताना आपला बिल्ला आपल्या मचाणाच्या खिळ्याला अडकवायचा, आल्यावर काढून खालच्या पट्टीवर लावायचा. एकदा वर चढलं की दहाला पिकअप येईपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही. लावायचाच असेल तर वॉकीटॉकीवर तिघांना सांगायचं, भडक नारिंगी टोपी डोक्यावर चढवायची, मगच शिडीवर पाय. आणि अख्खं हरीण दिसल्याशिवाय चापावर बोट नाही. हे सगळं दरवर्षी शुक्रवारी संध्याकाळी, जेवणाआधी, तो मोठ्यानं म्हणून दाखवायचा.

"हार्लन, अरे अडतीस वर्षं झाली," बर्नी म्हणायचा. "आता माझ्या गायींनासुद्धा पाठ झालंय."

"गायींना गोळी लागलेली बघितलीय मी," हार्लन म्हणायचा. "पाठ असलेल्यांनाच लागते."

दुसरा नियम हार्लनचा नाही, तो आमच्या सगळ्या मुलखाचा. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि कॅम्पच्या भिंतीला ठोकायचं. कापायचं काम बर्नीचं, त्याच्या दुकानातल्या सुरीनं. भिंतीवर रामिरोची पाच शेपटं आहेत, बर्नीची सहा, माझी अकरा. हार्लनचं एकही नाही. लोक म्हणतील, शर्टाच्या चिंधीत एवढं काय आहे? त्यांनी एकदा चार मित्रांसमोर वाकून उभं राहावं आणि बर्नीला सुरी परजताना ऐकावं.

गेल्याच्या गेल्या वर्षी शुक्रवारी हार्लन आला तो रामिरोच्या पिकअपमधून. म्हणाला, गुडघा दुखतोय, चालवायला नको वाटलं. घेवड्याच्या बिया शिजवताना मिठाचा डबा समजून त्यानं साखरेचा उचलला. रामिरोनं वेळेवर हात धरला म्हणून वाचलो, नाहीतर बेकन घातलेल्या बिया गोड खाव्या लागल्या असत्या. आम्ही हसलो. रामिरोच्या बायकोनं मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले दिले होते, ते खाल्ले. रेडिओवर आमच्या शाळेची पोरं फुटबॉलमध्ये मार खात होती, ते ऐकलं. हार्लननं नियम म्हणून दाखवले आणि आम्ही गुणी पोरांसारखे ऐकून घेतले.

शनिवारी पहाटे उत्तरेकडून बोचरा वारा सुटला होता. हार्लन टाकीच्या मचाणावर, मी शाळेच्या. शाळा म्हणजे फक्त दगडी जोतं उरलंय, पण नाव राहिलं. दोन्हींच्या मध्ये एक कोरडा ओढा आणि सीडरच्या झुडपांची गर्दी. प्रत्येक मचाणापुढं हरणांना भुलवायला मक्याचं पिंप असतं, घड्याळ लावलेलं; साताला त्यानं घरघर करून दाणे उडवले. सात चाळीसला टाकीकडून गोळीचा आवाज आला. एकच. आमच्याकडे म्हणतात, एक आवाज म्हणजे मांस, दोन म्हणजे बघू, तीन म्हणजे आज बियाच. म्हटलं, घ्या, हार्लनचं झालंसुद्धा. मला मात्र दोन हंगाम काही मिळालं नव्हतं. आदल्या संध्याकाळी बर्नी म्हणाला होता, "डॉइल, तू येतोस ते बरं करतोस. हरणांनाही एक विश्वासाचा माणूस लागतो."

साडेआठच्या सुमारास सीडरमध्ये शिंगं दिसली. मोठा नर, पण चाल बिघडलेली, पाय ओढत चाललेला. मी रायफल खांद्याला लावेपर्यंत तो झुडपाआड गेला. मी वाट बघत राहिलो. छातीत असं धडधडत होतं की दुर्बिणीतलं सगळं हलत होतं. मग त्याच झुडपाच्या अलीकडे काहीतरी तपकिरी सरकलं. त्याच्या वर फांदी होती की शिंग, तेव्हा मला शिंग वाटलं. मी चाप ओढला.

तपकिरी काही उरलं नाही. उड्या नाहीत, पळण्याचा आवाज नाही. म्हणजे चुकलो, असं मी समजलो आणि सर्वांत आधी मनात काय आलं असेल? बारावं शेपूट. सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या मनात हे आलं, हे लिहितानाही मला लाज वाटते.

दहाला रामिरो पिकअप घेऊन आला. बर्नी आधीच बसला होता.

"दोन आवाज ऐकले मी," बर्नी म्हणाला. "तुझा होता का एक?"

"टाकीकडूनच आले," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"असतील."

एवढंच बोललो. खोटं बोलायला माणसाला फार शब्द लागत नाहीत.

टाकीपाशी पोचलो तर मचाण रिकामं. शिडीखाली कुणी नाही. रामिरो वर चढला आणि वरून म्हणाला, "थर्मास आहे. वॉकीटॉकी आहे. पण बंद करून ठेवलाय."

"आणि टोपी?" बर्नीनं विचारलं.

"टोपी नाही. रायफलही नाही."

"बघा! लोका सांगे ब्रह्मज्ञान!" बर्नी हसला. "म्हातारा खाली उतरला. न सांगता! रामिरो, आज याच्याच बोर्डावर याचीच शिक्षा लिहू या."

रामिरो हसला. मी मात्र खाली बघत पिंपाकडे चालत गेलो. पिंपापासून दहा पावलांवर गवतावर रक्ताचे थेंब होते, आणि त्यांच्या शेजारी हार्लनच्या बुटांचे ठसे. दोन्ही ओढ्यात उतरले होते. ओढ्यातून पूर्वेला वळले होते. पूर्वेला शाळेचं मचाण.

हार्लन थंडीत कोणतं जॅकेट घालतो हे मला सांगावं लागणार नव्हतं. वीस वर्षं बघत होतो. जाड कापडाचं, कोपरावर विरलेलं, तपकिरी.

 सात चाळीसला त्याची गोळी, साडेआठला माझी. मध्ये पन्नास मिनिटं. जखमी हरणामागं म्हातारा माणूस पन्नास मिनिटांत किती चालेल? मी मनातल्या मनात पावलं मोजत होतो आणि प्रत्येक वेळी हिशेब त्याच झुडपापाशी येऊन थांबत होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आम्ही सरळ तिथंच पळालो असतो. पण तोंड उघडलं की ते खरं होईल, असं काहीतरी वेड्यासारखं वाटत होतं. मी नुसता सगळ्यांच्या पुढं चालू लागलो.

"हार्लन!" रामिरोनं हाक मारली. वाऱ्यानं ती मागं फेकून दिली.

ओढ्यातल्या एका पांढऱ्या दगडावर रक्त जास्त होतं. मी तिथंच थबकलो. "हे कुणाचं?" मी विचारलं.

बर्नी वाकला, बोटाला लावलं, नाकाशी नेलं. "पोटात लागलीय. हिरवं मिसळलंय बघ. हरणाचंच." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कुणाचं म्हणजे? दुसरं कुणाचं असणार? डॉइल, तुझा चेहरा असा का झालाय?"

"पोटात?" रामिरो म्हणाला. "हार्लनची गोळी, पोटात? पिंप तर साठ पावलांवर आहे."

 ओढा संपतो तिथं वाट फुटते. रामिरो वर चढून उजवीकडं गेला, बर्नी डावीकडं. मी समोरच्या सीडरमध्ये शिरलो, कारण कुठं जायचं ते मला ठाऊक होतं. फांद्या चेहऱ्यावर ओरबाडत होत्या. देवाचं नाव मी लोरीनच्या अंत्यविधीनंतर घेतलं नव्हतं, ते त्या वीस-पंचवीस पावलांत किती वेळा घेतलं, त्यालाच माहीत. हात भाजेल, पाय मोडेल, काहीही होऊ दे, पण हे नको, असा सौदा करत होतो.

आणि पायापाशी चष्मा पडलेला दिसला. हार्लनचा चष्मा, जाड काळ्या काड्यांचा. एक काच तडकलेली. शेजारी सीडरच्या खोडाची साल उडून आतलं ताजं लाल लाकूड उघडं पडलं होतं. माझ्या छातीच्या उंचीवर.

मी चष्मा उचलला. 

"डॉइल, तूच ना?" दगडाआडून आवाज आला. "रायफल घेऊन आला असशील तर आधी रिकामी कर."

तो एका दगडाला पाठ लावून बसला होता. अख्खा होता. जॅकेटवर सीडरची पानं, गालावर ओरखडा, हात थंडीनं निळे. मी त्याचे खांदे, छाती, मान चाचपली, गाय घेताना चाचपतात तशी.

"लागलेली नाही," तो म्हणाला. "कानाजवळून गेली. मी आडवा झालो, चष्मा उडाला. मग काही दिसेना, म्हणून बसलो."

"दीड तास? अरे, ओरडायचं होतंस!"

"ओरडलो असतो तर तुला कळलं असतं ना, कुणावर झाडलीस ते." तो माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होता. "तू एकटा मचाणावर, हातात भरलेली रायफल, आणि डोक्यात हे असलं. नको म्हटलं. दहाला येतीलच सगळे."

मी रडलो. खोटं कशाला सांगू, हमसून हमसून रडलो. त्यानं मला रडू दिलं आणि मग दटावलं, "पुरे. ते येतायत. ऐक, दोन्ही गोळ्या माझ्या. एक टाकीपाशी, एक इथं, हरीण संपवायला. तू काही झाडलं नाहीस. कळलं?"

"हार्लन—"

"आणि मी गुडघ्यामुळे बसलो होतो. हेही तू ऐकलंस." त्यानं खिशातून चुरगळलेली नारिंगी टोपी काढली आणि आता, एवढं सगळं झाल्यावर, नीट डोक्यावर घातली. ती त्यानं आधी का घातली नव्हती? लांबून कुणाला दिसू नये, खाली उतरलाय हे कळू नये म्हणून. पोटात गोळी मारली आणि जखमी जनावर हातचं गेलं, हे त्याला कुणाला सांगायचं नव्हतं. इतकंच मला तेव्हा समजलं.

नर तीस पावलांवर मरून पडला होता. बर्नीनं शिट्टी वाजवली, रामिरोनं हार्लनला मिठी मारली, शिव्या दिल्या, परत मिठी मारली. आम्ही हरीण ओढत पिकअपपर्यंत आणलं. मी त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला आणि गप्प राहिलो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला बरं वाटत होतं. माणूस जिवंत होता, गोष्ट झाकली गेली होती, आणखी काय हवं?

पण बर्नी खाटीक आहे. कॅम्पमागं ओकला हरीण टांगून त्यानं कातडं उतरवलं आणि पाच मिनिटांत हात पुसत आत आला. आम्ही टेबलाशी कॉफी घेत बसलो होतो.

"गोळ्या दोन," तो म्हणाला, "आणि भोक एक."

त्यानं आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"म्हणजे एक चुकली! हार्लन ऑटमर्सची गोळी चुकली!" त्यानं सुरी टेबलावर ठेवली. "रामिरो, तारीख लिही. अडतीस वर्षं वाट बघितली या दिवसाची. उठा महाराज, पाठ करा इकडं."

हार्लन उठला. मला वाटलं होतं की तो भांडेल, नियमातली काहीतरी पळवाट काढेल. तो काही बोलला नाही. त्यानं पट्टा सैल केला, शर्टाचं शेपूट बाहेर काढलं आणि भिंतीला हात टेकून वाकला, माझ्या अकरा शेपटांसमोर. मानेवरची कातडी सैल झालेली होती. बर्नी गाणं म्हणत सुरीला धार लावत होता. म्हाताऱ्याची अडतीस वर्षांची अब्रू माझ्या गोळीपायी कापली जात होती आणि मी कॉफीचा घोट घेत होतो.

"थांब, बर्नी," मी म्हणालो. "ती गोळी माझी होती."

"गप्प बस, डॉइल," हार्लन भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

"माझी होती. शाळेवरून झाडली. मला नुसतं तपकिरी दिसलं आणि मी चाप ओढला. याच्या कानाजवळून गेली. खोडाला लागलीय, जाऊन बघा."

बर्नीच्या हातातली सुरी तशीच राहिली. रामिरो खाटेवर मटकन बसला.  मग रामिरोनं तेच विचारलं, जे विचारायची मला भीती वाटत होती.

"पण तू खाली का उतरलास, हार्लन? न सांगता? तू?"

"जखमी होतं. सोडून कसं देऊ?"

"साठ पावलांवरून पोटात लागली तुझी गोळी. तू दोनशेवरून मानेत मारतोस."

"वारा होता."

रामिरो मुलांना शिकवतो. त्याला कधी थांबायचं ते कळतं आणि कधी नाही थांबायचं तेही. "हार्लन," तो हळूच म्हणाला, "बोर्डाच्या खालच्या पट्टीवर आत्ता किती बिल्ले आहेत?"

हार्लननं वळून दाराकडे पाहिलं. पाच पावलांवर होता बोर्ड. त्यानं मान जरा तिरकी केली, कोंबडी बघते तशी, मग दुसऱ्या बाजूला केली.

"चार," तो म्हणाला. "सगळे आलोय ना."

तीनच होते. माझा अजून शाळेच्या खिळ्यालाच होता. गडबडीत काढायचा राहून गेला होता.

नंतर सगळं बाहेर आलं. हार्लनच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय, एप्रिलमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडेचं दिसतं, समोरचं जातं. ऑपरेशन नाही, औषधानं फक्त वाढ सावकाश होते. मुलाला, कर्टला, सांगितलं नव्हतं, कारण तो गाडीची किल्ली काढून घेईल. आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण आम्ही रायफल काढून घेऊ. "एक हंगाम," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "एवढा एकच करायचा होता. मग मीच सांगणार होतो."

बर्नीनं त्याला सांगितलं की रायफल आता इथं राहील. हार्लननं ती स्वतःच पुसली, तेल लावलं आणि रामिरोच्या हातात दिली. त्या दुपारी घरी जाताना तो रामिरोच्या पिकअपमध्ये बसला आणि खिडकीची काच वर केली. कर्टला फोन रामिरोनं केला. महिन्याभरात हार्लनची पिकअप विकली गेली.

मीही त्या दिवसानंतर रायफल उचललेली नाही. कुणी म्हटलं नाही, मीच ठरवलं. पण कॅम्पला आम्ही दोघंही जातो. पहाटे बर्नी आणि रामिरो आपापले बिल्ले अडकवून निघून जातात आणि दहापर्यंत खोपटात मी आणि हार्लन, दोघंच. तो बिया निवडतो, बोटांनी, एक एक चाचपून. मी लाकडं फोडतो. तो लागेल तेवढंच बोलतो. "पाणी आण." "दार लाव." अडतीस वर्षं ज्याच्या बडबडीला मी कंटाळलो, त्याच्या तोंडून एखादा नियम ऐकायला मिळावा म्हणून मी मुद्दाम दार उघडं टाकतो.

गेल्या नोव्हेंबरात न राहवून मी विचारलं, "हार्लन, त्या गोळीचा राग आहे का रे अजून?"

तो बिया निवडायचा थांबला. मान तिरकी करून मला डोळ्याच्या कडेनं शोधलं.

"गोळीचा? वेडा का तू?" तो म्हणाला. "ती तर मी तिथंच, दगडाआड बसलो होतो ना, तेव्हाच माफ केली. पण भिंतीशी वाकलो होतो तेव्हा तुला सांगितलं होतं, गप्प बस म्हणून."

आणि तो पुन्हा बिया निवडायला लागला.